फेस न येणारी बाटली

गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये
जूनपासून नळांची अदलाबदल होते.
निळ्या खुणेचा सोडला तर हात भाजतो,
गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात उकळत असते.
म्हणून गिझर बंद ठेवायचा
आणि गार पाण्यासाठी लाल नळ सोडायचा.
नव्या मुलीला आधी हे सांगतात,
मग किल्ली देतात.

या पाण्याबद्दल प्रत्येकीचं मत आहे.
समुद्राचं मीठ काढलेलं, तरी काहीतरी राहिलेलं.
शायनी म्हणते क्लोरिन,
रोवेना म्हणते पाइपांचा गंज,
मी म्हणते वय.
उशीवर, कॉलरवर, दातांच्या दवाखान्यातल्या
अपॉइंटमेंटच्या वहीत
केस माझेच सापडतात.

बाटली तिगिस्तनं आणली,
एकावर एक फुकट होती म्हणून.
शाम्पूच्या जागी वापरायचा कंडिशनर.
धुतोही म्हणे, आणि मऊही करतो.
मी तळव्यावर घेतला. सायीसारखा जाड,
गप्प.
चोळला. फेस नाही.
अजून घेतला. फेस नाही.
नोकरी करून तोंडाला फेस आला,
डोक्याला मात्र येईना.
"स्वच्छ झालं हे कळायचं कसं?" मी आतून ओरडले
आमच्या चौघींच्या मोडक्या हिंदीत.
दाराबाहेरून तिगिस्त म्हणाली,
"बाटली नाही धूत. बोटं धुतात.
मुळाशी जा. पाच मिनिटं चोळ.
मग पाणी. तुला वाटेल त्याहून जास्त पाणी."

तिचं तिला सोपं आहे.
तिची एकेक बट म्हणजे पेनातली स्प्रिंग.
शाम्पूनं त्यांचा काथ्या व्हायचा,
सुटीच्या दिवशी दोन तास फणीशी मारामारी.
आता ओले असतानाच बोटांनी सुटतात.
आरशासमोर ती एक बट ताणते, सोडते,
बट उडी मारून जागेवर जाते.
पुन्हा ताणते.
पगाराच्या दिवशीसुद्धा
मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

रोवेनाचे सरळ, शिवणाच्या दोऱ्याहून बारीक.
दुसऱ्याच दिवशी कपाळाला चिकटले,
मांजर टाकीत पडून बाहेर यावं तसे.
हॉटेलच्या काउंटरवर मॅनेजरनं विचारलं, बरं नाही का?
तिनं बाटलीला तिच्या भाषेत बरंच काही सुनावलं.
आता पायांवरून वस्तरा फिरवताना
त्यातलं थोडं घेते.
वाया घालवायचं नाही, हा या घराचा एकच नियम.

शायनीच्या डोक्यात
पंधरा वर्षांचं खोबरेल मुरलंय,
वर हॉस्पिटलच्या किचनची टोपी.
तीनदा धुतलं. तेल केसभर हललं नाही.
मग तिनं तह केला:
गुरुवारी रात्री शाम्पू, शुक्रवारी चर्च,
मधल्या दिवसांत हा.

माझं अर्धंच जमलं.
टोकं मऊ, मुळं तेलकट,
मेंदीच्या भांगात पांढरी रेघ होती तशी.
गळायचे थांबले का? नाही.
पण आता अख्खे गळतात,
लांबच्या लांब, मध्ये न तुटता.
एवढंही चालेल.

बाथरूमची जाळी साफ करायची पाळी
पूर्वी भांडून ठरायची.
वेटोळं दिसलं की तिगिस्त, तेलकट गोळा म्हणजे शायनी,
जे दिसतच नाही ते रोवेनाचं,
लालसर ते माझं.
परवा मी गुंता काढला आणि उजेडात धरला.
वेटोळी नव्हतीच जवळजवळ.
लालसर भरपूर.
न बोलता कागदात गुंडाळून टाकला.

रजेवर देवरुखला बहिणीकडे गेले तेव्हा
दुसरी, फुकटातली बाटली बॅगेत होती.
ऋजुतानं तळव्यावर घेतली,
डोक्याला चोळली, पुन्हा चोळली.
"मावशी, फेस कुठाय?"
म्हटलं, फेसाचं सोड. मुळाशी जा. बोटं धुतात.
आणि माझे हात धुवायला वळले,
सवयीनं लाल नळ सोडला
आणि भाजून घेतलं.